शपथ एकाची, साक्ष लाखोंची

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

‘अमेरिकेच्या अध्यक्षांचा शपथविधी आणि तो पाहावयास जाणारा विद्यार्थी’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा आपल्यापैकी काही कार्यकर्त्यांनी नापसंती व्यक्त केली असे मला समजले. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो. जागतिक भांडवलशाहीचे जे केंद्र, तेथील सत्ताधीशाच्या पदग्रहणाचा हा सोहळा. शेतमजूर, धरणग्रस्त आणि सफाई कामगार यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध काय? शिवाय व्यक्तिपूजेचा जो रोग आपल्याच राजकारणाला जडला आहे, त्याची परदेशी आवृत्ती आपण कौतुकाने का पाहावी?

आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शपथ सत्ताधारी घेतो, परंतु ती खरी करून घेण्याचे काम शपथेच्या साक्षीदारांना करावे लागते. साक्षीदार आणि प्रेक्षक यांत मोठे अंतर आहे. कार्यक्रम संपला की प्रेक्षक घरी जातो. साक्षीदाराला मात्र पुढे केव्हातरी उभे राहून सांगावे लागते की, हे वचन माझ्यासमोर दिले गेले होते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या चळवळीत हे अंतर फार स्पष्टपणे दिसते, म्हणून तो इतिहास मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यातल्या त्या माणसाला अटलांटिकपलीकडची लढाई आपलीच वाटली होती. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९१३ च्या जुलै महिन्यात, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. काळ्यांचे दास्य आणि आपल्याकडील अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी पुढे आयुष्यभर केली. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डुबॉइस यांना पत्रही लिहिले. तेव्हा आज आपण करतो आहोत ती जुनीच ओळख पुढे नेण्याची गोष्ट आहे.

बर्मिंगहॅमहून निघालेली बस

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर, ज्याला तेथे ‘मॉल’ म्हणतात, सुमारे १८ लाख लोक जमले होते असा अंदाज आहे. थंडी गोठणबिंदूच्या खाली होती. त्या गर्दीत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. निवडणुकीत तिशीच्या आतील मतदारांपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांनी ओबामांना मते दिली होती, आणि त्या तरुणांना आपण घडविलेली गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहावयाची होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतील महाविद्यालयांतून बसगाड्या निघाल्या. आदल्या दिवशी, सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी होती, हाही एक योग.

अशी एक बस आणि तिच्यातला एक विद्यार्थी आपण डोळ्यांसमोर आणू. ती अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरातून निघाली आहे असे समजू. हे तेच शहर, जेथे १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये स्फोट घडवून चार मुलींचे प्राण घेतले. तेथून वॉशिंग्टन सुमारे बाराशे किलोमीटर. बस ॲनिस्टनवरून ॲटलांटाकडे जाते, मग शार्लट, ग्रीन्सबरो, रिचमंड आणि सकाळी राजधानी. विद्यार्थी बिनधास्त झोपला आहे. रात्री मध्येच कोठे बस थांबली तर तो कॉफी पितो, स्वच्छतागृहात जाऊन येतो आणि पुन्हा आपल्या जागेवर बसतो. यात सांगण्यासारखे काहीच नाही. आणि काहीच सांगण्यासारखे नाही, हीच या प्रवासातली सर्वांत मोठी घटना आहे. कारण त्या साध्या गोष्टींसाठी त्याच रस्त्यावर, उलट्या दिशेने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे रक्त सांडले होते.

दहा डॉलरांचा दंड

ती हकीकत सुरू होते १९५८ च्या डिसेंबरात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणारा ब्रूस बॉयन्टन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत बसने अलाबामातील आपल्या घरी निघाला होता. रिचमंडच्या बसस्थानकावर तो उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात बसला आणि त्याने खायला मागितले. उठायला नकार दिल्याबद्दल त्याला अटक झाली व दहा डॉलर दंड झाला. दंड भरून तो घरी जाऊ शकला असता. त्याने खटला लढविला. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या उतारूंसाठी असलेल्या बसस्थानकावरील उपाहारगृहात वर्णभेद करता येणार नाही.

निर्णय झाला, पण दक्षिणेतल्या स्थानकांवरच्या पाट्या तशाच राहिल्या. ‘गोरे’ आणि ‘काळे’ यांच्यासाठी वेगळी दारे, वेगळे नळ, वेगळे बाक. महाडच्या चवदार तळ्याबाबतचा ठराव नगरपालिकेने केला होता, तरीही पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. कागदावरचा हक्क आणि हाताला लागलेला हक्क यांच्यामध्ये नेहमीच एक रस्ता असतो, आणि तो कोणालातरी चालावा लागतो.

या निकालानंतर सहा आठवड्यांनी, २० जानेवारी १९६१ रोजी, जॉन केनेडी यांचा शपथविधी झाला. त्यांचे त्या दिवशीचे भाषण जगभर गाजले. परंतु त्या भाषणाचा जवळजवळ सारा भर परराष्ट्रीय प्रश्नांवर होता; देशातल्या काळ्या नागरिकांविषयी त्यात जवळपास काहीच नव्हते. मानवी हक्कांच्या वाक्यात ‘देशात’ एवढा उल्लेख आला, तोही केनेडींच्या दोन सल्लागारांनी आग्रह धरला म्हणून. त्यांपैकी एक होते हॅरिस वॉफर्ड. समाजवादी वाचकांना हे नाव ठाऊक असावयास हवे, कारण १९५१ साली डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा हे वॉफर्ड त्यांच्याबरोबर होते आणि त्या दौऱ्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. एखाद्या ऐतिहासिक भाषणातला एक शब्द कोणत्या वाटेने येतो हे पाहण्यासारखे आहे.

पण शब्द आला म्हणून पाटी खाली आली नाही. ४ मे १९६१ रोजी वॉशिंग्टनहून तेरा माणसे दोन बसगाड्यांतून दक्षिणेकडे निघाली. सात काळे, सहा गोरे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खरा की पाटी खरी, एवढेच त्यांना तपासावयाचे होते. इतिहासात ते ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणून ओळखले जातात. त्यांत जॉन लुईस नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. ९ मे रोजी रॉक हिल या गावी गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहात शिरताना त्याला मारहाण झाली. १४ मे रोजी ॲनिस्टनजवळ जमावाने एका बसला आग लावली. दुसरी बस बर्मिंगहॅमला पोहोचली तेव्हा स्थानकावर गुंड होते, पोलीस नव्हते. गुंडांना काही वेळ मोकळे रान देण्याचे आधीच ठरले होते, हे पुढे उघड झाले.

येथे प्रवास संपला असता. परंतु नॅशव्हिल शहरातील विद्यार्थ्यांनी ठरविले की मारहाणीमुळे यात्रा थांबली तर यापुढे प्रत्येक चळवळ मारहाणीनेच थांबविली जाईल. डायन नॅश या विद्यार्थिनीने दहा जणांची नवी तुकडी पाठविली. जाण्यापूर्वी त्यांनी आपली मृत्युपत्रे लिहून ठेवली होती. विशी-बाविशीतली मुले, बसने प्रवास करावयाचा म्हणून मृत्युपत्र लिहितात! हे ज्या देशात घडले, त्याच्या अध्यक्षाने चार महिन्यांपूर्वी संविधानाचे रक्षण करण्याची शपथ घेतली होती.

या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण कोणी दिले होते? जेम्स लॉसन नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाने. हे लॉसन १९५३ पासून सुमारे तीन वर्षे आपल्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला आणि परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. त्या वर्गांत मुले एकमेकांना शिव्या देत, ढकलत, अंगावर धावून जात, आणि समोरच्याने हात न उगारता, जागा न सोडता बसून राहण्याचा सराव करावयाचा. अभ्यासवर्ग म्हणजे केवळ भाषणे ऐकणे, असे समजणाऱ्या आपण सर्वांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात तीनशेहून अधिक फ्रीडम रायडर्सना अटक झाली. अनेकांना पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात पाठविण्यात आले. अखेर सरकारला हलावे लागले. १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य बसस्थानकांवरील वर्णभेदाच्या पाट्या उतरविण्याचा आदेश अमलात आला. केनेडींची शपथ आणि हा आदेश यांच्यामध्ये नऊ महिने आहेत. त्या नऊ महिन्यांत शपथेचा अर्थ लिहिला तो तुरुंगात गेलेल्या मुलांनी.

याच जॅक्सन शहरात मे १९६४ मध्ये डॉ. लोहियांना एका उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यात आला. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा क्षमा मागावयाची तर ती स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २ जुलै १९६४ रोजी, सार्वजनिक ठिकाणांवरील वर्णभेदाला बंदी करणारा नागरी हक्कांचा कायदा झाला. लोहियांच्या अटकेमुळे तो झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याच्या देशातही मुकाट्याने प्रेक्षक न राहण्याची ही वृत्ती आपल्या परंपरेचा भाग आहे, हे विसरू नये.

घुमटाखालची शपथ

आता आपला २००९ चा विद्यार्थी वॉशिंग्टनला पोहोचला आहे. पहाटेच्या अंधारातून लाखो माणसे मैदानाकडे चालली आहेत. कॅपिटॉलच्या आवारातील जागांसाठी सुमारे २ लाख ४० हजार प्रवेशपत्रिका होत्या, निरनिराळ्या रंगांच्या. काँग्रेसच्या सभासदांकरवी त्या विनामूल्य मिळत. ज्यांच्या हाती जांभळी पत्रिका होती, अशा हजारो लोकांना एका भुयारी रस्त्यात रांगेत उभे केले गेले आणि तेथेच ते तासन् तास अडकून पडले. शपथ झाली, तोफांची सलामी झाली, आणि शेकडो मैलांवरून आलेली ही माणसे पत्रिका हातात धरून भुयारातच राहिली. पत्रिका नसलेले मात्र मैदानावर उभे राहून मोठ्या पडद्यावर सारे पाहू शकले. गंमत म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. लोकशाहीत आमंत्रण मिळालेला माणूस बाहेर आणि बिनआमंत्रणाचा मोकळ्या मैदानात, असे क्वचितच घडते!

समोर कॅपिटॉलची इमारत. ती बांधण्यासाठी गुलामांना राबविले गेले. मोबदला मालकांना मिळाला. घुमटावर उभ्या असलेल्या स्वातंत्र्याच्या पुतळ्याच्या ओतकामात फिलिप रीड हा गुलाम होता. स्वतःच्या हाती पैसे मिळाले ते फक्त रविवारच्या कामाचे. १८६३ च्या डिसेंबरात तो पुतळा घुमटावर चढला तोवर राजधानीतील गुलामगिरी रद्द झाली होती आणि रीड स्वतंत्र झाला होता. मैदानाच्या बाजूलाच, ज्या भागात आज सरकारी कचेऱ्या आहेत, तेथे माणसे विकण्यासाठी कोंडून ठेवण्याची जागा होती. १८४१ साली फसवून पळवून आणलेल्या सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र कृष्णवर्णीयाला तेथूनच दक्षिणेत विकण्यासाठी पाठविले गेले. हे सारे त्या मैदानाच्या मातीत आहे.

ओबामांनी शपथ घेतली ती १८६१ साली लिंकनने वापरलेल्या बायबलवर हात ठेवून. लिंकनला ती शपथ देणारे सरन्यायाधीश होते टॉनी. काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असूच शकत नाही, हा १८५७ चा निर्णय त्यांनीच लिहिला होता. ज्या न्यायासनाने काळ्यांना नागरिक मानण्याचे नाकारले, त्याच न्यायासनावरील सरन्यायाधीशाने दीडशे वर्षांनी काळ्या अध्यक्षाला शपथ दिली. आणि त्या दिवशी सरन्यायाधीशांकडून शब्दांचा क्रम चुकला. ‘निष्ठापूर्वक’ हा शब्द जागचा हलला. घटनेचा काटेकोरपणा राखावा म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा देण्यात आली.

ही शपथ इंग्रजीत अवघ्या ३५ शब्दांची आहे. त्या शपथेत अध्यक्ष दोन गोष्टींचे वचन देतो: पद निष्ठेने सांभाळीन आणि संविधानाचे जतन, संरक्षण व बचाव करीन. तीत भाकरीचा उल्लेख नाही, रोजगाराचा नाही, ‘जनता’ हा शब्दही नाही. आपल्या संविधानाच्या साठाव्या अनुच्छेदातील राष्ट्रपतींची शपथ याबाबतीत पुढे गेलेली आहे. तीत भारताच्या जनतेची सेवा व कल्याण यांस वाहून घेण्याचे वचन आहे. एक शब्द जागचा हलला तर पुन्हा शपथ देतात, पण वचन जागचे हलले तर काय करावयाचे याची तरतूद कोणत्याही देशाच्या शिष्टाचारात नाही. ती नागरिकांनाच करावी लागते.

मैदान रिकामे झाल्यावर

व्यासपीठावर त्या दिवशी जॉन लुईस होते. आता ते काँग्रेसचे सभासद होते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात भाषण केलेल्यांपैकी हयात असलेले ते एकटेच. काही दिवसांनी, फेब्रुवारीत, १९६१ साली रॉक हिलला त्यांना मारहाण करणाऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ त्यांना भेटून क्षमा मागून गेला. बर्मिंगहॅमच्या बसमधून आलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या अश्रूंमागे इतिहास होता.

प्रश्न पुढचा आहे. शपथविधी ज्या महिन्यात झाला त्या एका महिन्यात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. बँकांना वाचविण्यासाठी ७०० अब्ज डॉलरांची तरतूद आधीच्या ऑक्टोबरात झाली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर पोहोचली. ज्यांनी अर्थव्यवस्था बुडविली ते सावरले गेले, आणि घराचे हप्ते न भरू शकलेले रस्त्यावर आले. ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश नव्या अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवसानंतर काढला. आठ वर्षांच्या कारकीर्दीत तो बंद झाला नाही. दुसऱ्या बाजूस, २०१० च्या आरोग्य कायद्याने कोट्यवधी लोकांना विम्याचे संरक्षण दिले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

आणि मैदानावरची ती १८ लाख माणसे? २१ जानेवारी २०१० रोजी, शपथविधीला एक वर्ष व एक दिवस होत असताना, सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना निवडणुकीच्या प्रचारात हवा तेवढा पैसा ओतण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या निवडणुका झाल्या. दोन वर्षांपूर्वी रांगा लावणारे पुष्कळसे तरुण मतदानाला गेलेच नाहीत, आणि अध्यक्षांच्या पक्षाने कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. पैशाला मोकळीक मिळाली आणि माणसे घरी बसली, दोन्ही एकाच वर्षी. एका माणसाला निवडून दिले की आपले काम झाले, या समजुतीची किंमत कोणत्याही देशाला अशीच मोजावी लागते. यात ओबामांचे गुणदोष जेवढे, तेवढाच मैदानावरून परतलेल्यांच्या संघटनेचा अभाव आहे. १९६१ च्या त्या मुलांपाशी संघटना होती, वर्ग होते, तुरुंगात जाण्याची तयारी होती. २००९ च्या मुलांपाशी बहुतांशी निवडणुकीची यंत्रणा होती, आणि ती निवडणुकीनंतर विसावली.

बोलावणे नसताना आलेल्या मुली

शपथविधीला जाण्याची दुसरीही एक रीत अमेरिकी विद्यार्थिनींनी दाखवून ठेवली आहे. १९१३ साली वुड्रो विल्सन यांचा शपथविधी ४ मार्चला होता. त्या काळी तो मार्चमध्ये होत असे, २० जानेवारी ही तारीख १९३७ पासूनची आहे. शपथविधीसाठी देशभरचे लोक राजधानीत जमणार हे हेरून ॲलिस पॉल यांनी आदल्याच दिवशी, ३ मार्चला, त्याच राजमार्गावरून स्त्रियांचा मताधिकार मागणारी मिरवणूक काढली. पाच हजारांहून अधिक स्त्रिया चालल्या. शपथविधी पाहावयास आलेल्या पुरुषांच्या झुंडी त्यांच्यावर तुटून पडल्या. पोलीस बघत राहिले. सुमारे शंभर जणींना रुग्णालयात न्यावे लागले आणि अखेर घोडदळ बोलवावे लागले. एवढे होऊनही मिरवणूक पुरी झाली. पुढे चौकशीही झाली.

या मिरवणुकीत हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या. त्यांनी जानेवारीतच बावीस जणींची आपली संघटना स्थापली होती आणि हे तिचे पहिले सार्वजनिक कार्य. दक्षिणेतील गोऱ्या स्त्रिया नाराज होऊ नयेत म्हणून काळ्या स्त्रियांनी मागे चालावे, असे सुचविण्यात आले होते. पत्रकार आयडा वेल्स यांनी ते मानले नाही; मिरवणूक सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत चालू लागल्या. मोर्च्याच्या आतही एक मोर्चा असतो, हे ज्यांनी पुरोगामी संघटनांत जातीचे आणि स्त्रीचे प्रश्न मांडले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. स्त्रियांना मताधिकार १९२० साली मिळाला. दक्षिणेतील काळ्या स्त्रियांना तो प्रत्यक्षात वापरता येण्यास १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. त्या वर्षीच्या ७ मार्चला सेल्मा गावी पोलिसांच्या लाठ्या खाऊन बेशुद्ध पडलेल्या अमेलिया बॉयन्टन या त्या दहा डॉलर दंड झालेल्या विद्यार्थ्याच्या मातोश्री.

ज्यांचे मैदान, त्यांनाच बंदी

प्रवास करून राजधानीत जमणारा प्रत्येक जमाव लोकशाहीचा मित्र असतो असे मात्र नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल उलटविण्यासाठी जो जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, तोही दूरदुरून गाड्या भरून आला होता. शपथविधीसाठी उभारले जात असलेले व्यासपीठच त्यांनी व्यापले. परिणामी त्याच महिन्याच्या २० तारखेला बायडन यांनी शपथ घेतली तेव्हा समोर माणसे नव्हती. मैदानावर सुमारे दोन लाख झेंडे रोवले होते आणि भोवती सुमारे २५ हजार सैनिक.

चार वर्षांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, थंडीचे कारण देऊन ट्रम्प यांचा शपथविधी घुमटाखालच्या दालनात झाला. हजारो मैल प्रवास करून आलेले सामान्य समर्थक बाहेर राहिले किंवा क्रीडागारातील पडद्यासमोर बसले. दालनातील मोक्याच्या जागी कोण होते? मस्क, बेझोस, झुकरबर्ग. जगातील सर्वांत धनाढ्य माणसे. सोहळ्याच्या समितीने जमविलेला निधी होता जवळजवळ २४ कोटी डॉलर. २००९ साली हा आकडा साडेपाच कोटींच्या आत होता आणि कंपन्यांकडून देणग्या घेतल्या नव्हत्या. त्याच दिवशी, ६ जानेवारीच्या प्रकरणातील सुमारे १५०० जणांना माफी देण्यात आली. २०१० चा न्यायालयाचा निकाल आणि २०२५ ची ती पहिली रांग यांच्यामध्ये एक सरळ रेषा आहे. प्रेक्षक बाहेर ठेवता येतात. गुंतवणूकदारांना आत बसवावेच लागते.

आपले काम

मित्रहो, यातून आपण काय घ्यावयाचे? आपल्याकडेही शपथविधी आता मैदानांवर होतात. गावोगावचे तरुण गाड्या भरून नेले जातात. त्यांना जेवण मिळते, टोपी मिळते, दूरवरच्या व्यासपीठावरील नेता ठिपक्याएवढा दिसतो आणि रात्री ते गावी परततात. मी त्यांना जाऊ नका म्हणणार नाही. मंत्र्याची शपथ ही आपल्यासमोर, आपल्या नावाने घेतली जाते. ती ऐकावयास जाणे हा आपला हक्क आहे. पण जाणाऱ्याने तीन गोष्टी बरोबर न्याव्यात.

पहिली, शपथेचे शब्द. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांची शपथ छापलेली आहे. कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व लोकांना संविधान व कायदा यांनुसार न्याय्य वागणूक देण्याचे वचन तीत आहे. हे वाक्य आपल्या प्रत्येक शाखेत मुलांना समजावून द्या. गावातल्या दलित वस्तीला पाणी मिळत नसेल तर तहसीलदाराला द्यावयाच्या निवेदनाच्या शिरोभागी ते लिहा.

दुसरी, रस्त्याची ओळख. ज्या रस्त्याने आपण राजधानीला जातो, त्या रस्त्यावर कोणी कशासाठी मार खाल्ला हे कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवे. बर्मिंगहॅमच्या मुलाला वाटेत कॉफी मिळाली ती कोणामुळे, हे त्याला ठाऊक असेल तर तो ओबामांचा भक्त होणार नाही. तो बॉयन्टनचा आणि डायन नॅशचा वारसदार होईल.

तिसरी आणि सर्वांत अवघड, परतल्यानंतरचा कार्यक्रम. शपथविधीहून आलेल्या मंडळींनी आठवड्याच्या आत बैठक घ्यावी. कोणती वचने दिली गेली, त्यांतली आपल्या तालुक्याशी संबंधित कोणती, सहा महिन्यांनी कोणाकडे जाऊन हिशोब मागावयाचा, हे लिहून काढावे. सरकार आपल्या पक्षाचे असेल तर हे काम अधिकच कसोशीने करावे. कारण विरोधकाला जाब विचारणे सोपे असते, आपल्या माणसाला विचारणे कठीण.

केनेडींच्या शपथेनंतर साडेतीन महिन्यांनी तेरा माणसे बसमध्ये बसली. त्यांनी कोणतेही नवे तत्त्वज्ञान सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जे लिहिले होते आणि अध्यक्षाने ज्याची शपथ घेतली होती, तेवढेच त्यांनी रस्त्यावर उतरून मागितले. आपल्यापुढचे काम याहून वेगळे नाही. संविधानात लिहिलेले पुष्कळ आहे. ते घेऊन बसमध्ये बसणारी तेरा माणसे आपल्या प्रत्येक तालुक्यात हवी आहेत.